लाल खिडकी उघडली तेव्हा

(अकोला व अमरावती जिल्ह्यांतील वसतिगृह अधीक्षक, बालवाडी ताई आणि गावपातळीवरील कार्यकर्ते यांच्या अमरावती येथील एकदिवसीय प्रशिक्षणात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



सकाळच्या पहिल्याच तासाला मला उभं केलंय, आणि विषय दिलाय कम्प्युटरचा. मी धर्मशास्त्राचा डिप्लोमा केलेला माणूस. कम्प्युटर मला शिकवला तो आमच्या कार्यालयातल्या पोरांनी, आणि बराचसा माझ्या चुकांनी. त्यामुळे इंजिनिअरसारखं बोलणं मला जमणार नाही. आमच्याकडे काय झालं ते सांगतो, त्यातून आम्ही काय शिकलो ते सांगतो. धारणीहून पहाटेची एसटी पकडून जे आलेत त्यांनी डुलकी घेतली तरी चालेल, फक्त मधला भाग ऐका.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना. तुम्हाला माहीत आहे, जुलै म्हणजे आपल्याकडे कागदांचा महिना. वसतिगृहाचे प्रवेश, जातीचे दाखले, महाडीबीटीचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, सगळं एकदम. परतवाड्याच्या आमच्या छोट्या कार्यालयात एक मुलगी कामाला आहे. कोरकू समाजातली, तिच्या गावातून एमएस-सीआयटी झालेली पहिली मुलगी. नाव सांगत नाही, ती इथेच बसली आहे आणि तिने मला तशी अट घातली आहे. पण गोष्ट सांगायला तिनेच परवानगी दिली.

त्या दिवशी तिला एका जुन्या अर्जाची फाईल उघडायची होती. अर्ज कृतिदेवमध्ये टाइप केलेला, आणि त्या कम्प्युटरमध्ये कृतिदेव नाही. फाईल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. हा अनुभव इथल्या प्रत्येकाला असेल. मग तिने तेच केलं जे आपण सगळे करतो. गुगलवर 'कृतिदेव फॉन्ट फुकट' असं शोधलं, पहिली दिसली ती साईट उघडली. त्या पानावर डाउनलोडची पाच हिरवी बटणं होती. खरं बटण त्यातलं एकच, बाकीच्या जाहिराती. तिने नेमकं जाहिरातीचं दाबलं.

आणि पडदा लाल झाला. सायरन वाजायला लागला. एक बाई इंग्रजीत मोठमोठ्याने सांगू लागली की तुमच्या कम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, बँकेची माहिती चोरीला जातेय, कम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. वर मायक्रोसॉफ्टचं चार रंगांचं चिन्ह. माउस हलवला तरी खिडकी जाईना, फुलीचं बटणही दिसेना.

आता हे समजून घ्या की ती का फसली. तिची मावशी हरिसालची. २०१६ साली राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून हरिसालला डिजिटल गाव करायचं काम सुरू केलं, तेव्हा मेळघाटात ते नाव पोरासोरांच्या तोंडी झालं होतं. पुढे २०१९च्या निवडणुकीत त्याच गावाची उणीदुणी सभांमधून निघाली, तो भाग वेगळा. पण आपल्या मुलीच्या मनात मायक्रोसॉफ्ट म्हणजे मावशीच्या गावात आलेली मोठी कंपनी. तिच्या नावाने धोक्याची सूचना आली, मग ती खोटी कशी असेल? शहरातल्या माणसाला हे नाव फक्त कम्प्युटर सुरू करताना दिसतं. तिला ते ओळखीचं वाटलं.

तिने फोन केला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. "मॅडम, घबराइए मत, हम हैं ना." दूरच्या माणसाला आपला कम्प्युटर चालवता येतो असं एक सॉफ्टवेअर त्याने तिच्याकडून उतरवून घेतलं आणि पडद्यावर आलेला नंबर विचारला. तिने सांगितला. तिथे घराची किल्ली गेली. मग त्याने तिला एक यादी उघडून दाखवली, लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण, शेकड्याने. म्हणाला, हे सगळे व्हायरस.

ते व्हायरस नव्हते. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची एक वही असते. कम्प्युटरमध्ये जे जे काही घडतं त्याची नोंद तिच्यात होते. प्रिंटर सापडला नाही, नोंद. नेट तुटलं, नोंद. आपल्या उपकेंद्राच्या रजिस्टरसारखं समजा. वर्षभराचं रजिस्टर उघडून कोणी म्हणालं की बघा, तुमचं गाव मरायला टेकलंय, तर आपण मानू का? धडधाकट गावातही सर्दी-खोकल्याच्या नोंदी असतातच. चांगल्या, कोऱ्या कम्प्युटरमध्येही त्या लाल फुल्या असतात. घरी गेल्यावर उघडून बघा.

त्याने साडेआठ हजार मागितले. तिच्याकडे तेवढे नव्हते. शेवटी तो तीन हजारावर आला, आणि तिने स्वतःच्या पगारातले तीन हजार पाठवून दिले. लाल खिडकी गेली, सायरन बंद झाला. तिला वाटलं, सुटलो.

इथपर्यंतची गोष्ट तीन हजारांची आहे. खरी गोष्ट पुढे आहे.

तिने हे कोणालाच सांगितलं नाही. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत तो कम्प्युटर रोज चालू होता, नेटला जोडलेला होता, आणि ते दूरून चालवायचं सॉफ्टवेअर त्यात तसंच होतं. त्या कम्प्युटरमध्ये काय होतं? एकशे चाळीस कुटुंबांचं आधार, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, जातीचे दाखले, काही वनहक्क दाव्यांचे नकाशे आणि ग्रामसभेचे ठराव. आपण मोठ्या मेहनतीने, गावोगाव फिरून, स्कॅन करून गोळा केलेले. लोकांनी ट्रंकेतून, प्लास्टिकच्या पिशवीतून काढून आपल्या हातात दिलेले.

दहाव्या दिवशी माउसचा बाण आपोआप हलताना मला दिसला. तेव्हा मी विचारलं, आणि ती रडायला लागली. मी म्हटलं, अगं, त्याच दिवशी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुमी रागवसान म्हणून नाही सांगतलं जी."

आणि ती बरोबर होती. जूनमध्ये तिच्या हातून प्रिंटरचा टोनर सांडला होता, तेव्हा मी तिला चार पाहुण्यांसमोर बोललो होतो. टोनर किती रुपयांचा? ते माझ्या लक्षातही नाही. तिच्या लक्षात होतं. या प्रकरणात पहिली चूक कोणाची हे मला कोणी विचारलं तर मी तो जून महिना सांगतो.

आम्ही काय केलं ते आता थोडक्यात. पहिल्यांदा नेटची वायर उपटली. दुसऱ्या कम्प्युटरवर बसून मेलचे, बँकेचे, सरकारी पोर्टलांचे सगळे पासवर्ड बदलले. हे त्याच कम्प्युटरवर बसून करायचं नाही, नाहीतर नवे पासवर्डही चोरालाच सांगितल्यासारखं. मग १९३० या नंबरवर तक्रार केली. इथे सगळ्यांनी हा नंबर हातावर लिहून घ्या, १९३०, सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक. बँकेत पैसे कुठेतरी अडवता येतात ते पहिल्या काही तासांत. आमचे नऊ दिवस गेलेले. तीन हजार परत आले नाहीत, येणारही नव्हते. तक्रार मात्र नोंदली गेली, तिची पावती पुढे कामाला आली.

मग जड काम उरलं. त्या एकशे चाळीस कुटुंबांना सांगायचं की तुमचे कागद कदाचित परक्याच्या हाती गेले असतील. कदाचित. कारण त्याने त्या फाईली उघडल्या की नाही, नेल्या की नाही, हे आम्हाला आजही कळलेलं नाही. समितीत एक विचार असाही निघाला की नक्की नाही तर सांगायचं कशाला, लोक घाबरतील, पुन्हा आपल्याला कागद देणार नाहीत. त्या बैठकीत मी बराच वेळ गप्प होतो हे कबूल करतो. शेवटी आम्ही सांगायचं ठरवलं. पावसाळ्यात, सेमाडोहच्या पुढे रस्ते कसे असतात ते तुम्ही जाणता. पाच आठवडे लागले.

एका पाड्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. आमची तीच मुलगी कोरकूतून समजावून सांगत होती. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, पट्टा तर नाही ना गेला? त्यांना कम्प्युटर, व्हायरस, नेट यातलं काही कळायचं कारण नव्हतं. कागद गेला म्हणजे जमीन गेली, हे मात्र पिढ्यान्पिढ्या बघितलेलं. मी त्यांना सांगितलं की मूळ पट्टा तुमच्याकडेच आहे, सरकारच्या दप्तरात नोंद आहे, नक्कल गेल्याने जमीन जात नाही. त्यांनी आत जाऊन पिशवी उघडून खात्री केली, मग चहा ठेवायला सांगितला.

आधारचा प्रश्न जास्त अवघड निघाला. आधार आणि अंगठा यांवर गावातल्या बँक मित्राकडून पैसे निघतात, हे तुम्हाला माहीत आहे. अंगठ्याची नक्कल करून पैसे काढल्याचे प्रकार देशात झालेले आहेत. यावर उपाय म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं. मी उत्साहाने म्हटलं, सगळ्यांचं लॉक करून टाकू. तेव्हा एका बालवाडी ताईने मला विचारलं, सर, मग रेशन कसं उचलायचं? रेशन दुकानात तोच अंगठा लागतो. लॉक असेल तर मशीन अंगठा घेत नाही. दर महिन्याला आधी उघडायचं, मग रेशन घ्यायचं, मग परत लावायचं. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल हवा, रेंज हवी. आपल्या गावांत आधारला कोणाचा तरी जुना, हरवलेला नंबर जोडलेला असतो. म्हणजे चोरापासून वाचवायला जाऊन आपणच त्यांच्या ताटातला तांदूळ थांबवणार. शेवटी ज्यांच्या खात्यात जरा बरी शिल्लक होती आणि घरात मोबाईल होता अशा थोड्यांचंच लॉक केलं. बाकीच्यांची पासबुकं दर महिन्याला भरून आणायची जबाबदारी आम्ही घेतली. ती अजून चालू आहे. पुस्तकात लिहिलेला उपाय हा नव्हे. तुमच्यापैकी कोणाला याहून चांगला सुचला तर मला सांगा.

बरं, आता त्या खिडकीकडे येऊ.

ती लाल खिडकी म्हणजे काय? एक वेब पान. बास. जसं वर्तमानपत्राचं पान उघडतं तसंच एक पान, पूर्ण पडदाभर पसरवलेलं, त्याला सायरनचा आवाज लावलेला. साईट उघडली म्हणून त्या साईटला तुमच्या कम्प्युटरच्या पोटातले व्हायरस तपासता येत नाहीत. ती फक्त तसं सोंग करते. मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो. तेवढी एक खूण लक्षात ठेवा. नंबर दिसला, म्हणजे खोटं.

गंमत बघा. पीसीवरचा पहिला मानला जातो तो 'ब्रेन' नावाचा व्हायरस, १९८६ सालचा. लाहोरमधल्या दोन भावांनी लिहिलेला. त्यांनी त्या व्हायरसमध्ये आपलं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवला होता, आणि लस हवी असेल तर आमच्याशी संपर्क करा असंही. ते आपली खरी ओळख देत होते. आताचे फक्त फोन नंबर देतात, नाव दुसऱ्याचं लावतात. आणि हे लोक परदेशातले असतात असं समजू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने अशा प्रकरणांत देशात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉन यांच्याही तक्रारी होत्या. दूरून कम्प्युटर किंवा मोबाईल चालवायच्या सॉफ्टवेअरबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. ती सावधगिरी आमच्या कार्यालयापर्यंत पोचलीच नाही. सेमाडोहच्या पुढे तर कुठून पोचणार?

खिडकी आली तर करायचं काय? आधी आवाज बंद करा. हसू नका, निम्मी भीती त्या सायरनची असते. मग एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. बहुतेक वेळा पूर्ण पडद्याचं पान लहान होतं आणि फुली दिसते. नाही झालं तर अल्ट धरून एफ-फोर. तरीही नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात क्रोम किंवा एज निवडून 'एंड टास्क' करा. यातलं काहीच जमलं नाही तर सरळ पॉवरचं बटण दाबून धरा आणि कम्प्युटर बंद करा. 'बंद करू नका' असं ती बाई ओरडत असते, तेव्हा तर नक्कीच करा. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर विचारतो, आधीची पानं परत उघडू का? नाही म्हणायचं. एवढ्यावर विषय संपतो. खिडकी नुसती दिसली म्हणून कम्प्युटर बिघडला असं धरायचं कारण नाही. बिघडतं ते आपण फोन केल्यावर, काहीतरी उतरवून घेतल्यावर.

दुसरा प्रकार अकोल्याच्या आपल्या कार्यालयात झाला. तिथे लाल खिडकी नव्हती. उजव्या कोपऱ्यात, खाली, घड्याळाच्या वर छोट्या सूचना यायच्या. 'तुमचं अँटीव्हायरस संपलंय', 'तीन धोके सापडले', मध्येच एखादी घाणेरडी जाहिरात. पाळकसाहेब शेजारी बसलेले असताना नेमकी तीच यायची, त्यामुळे आमच्या बंधूंची फार पंचाईत झाली. त्यांनी कम्प्युटर दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "सर, काई टेन्शन नोका घेऊ, फॉरमॅट मारून देतो." पाचशे रुपये. आठ दिवस बरं राहिलं, परत सुरू. परत फॉरमॅट, परत पाचशे.

परत का यायचं? कारण दुखणं कम्प्युटरमध्ये नव्हतंच. पोर्टलवर ठरावीक केबीपेक्षा मोठी फाईल चढत नाही, हे आपलं रोजचं रडगाणं. त्यासाठी बंधूंनी पीडीएफ लहान करणारं एक एक्स्टेंशन क्रोममध्ये घेतलं होतं. त्या जाहिराती तेच दाखवायचं. आणि फॉरमॅटनंतर बंधू पुन्हा आपल्या जीमेलने क्रोममध्ये शिरले की क्रोम त्यांचं जुनं सगळं सामान इमानदारीने परत आणून द्यायचं, एक्स्टेंशनसकट. भाड्याचं घर बदललं पण ढेकणाची खाट सोबत नेली, तसं झालं. एक्स्टेंशन काढलं, दोन मिनिटांत काम झालं.

कोपऱ्यातल्या सूचनांचं दुसरं कारण म्हणजे आपण स्वतः दिलेली परवानगी. एखादी साईट म्हणते, तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला 'अलाउ' दाबा. आपण दाबतो. तिला रोज आपल्या दारात येऊन ओरडायची परवानगी मिळाली. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साईट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. ओळखीची नसलेली नावं तिथून काढून टाका. चहानंतर हे प्रत्यक्ष दाखवणार आहोत.

आणि त्या फुकट पीडीएफ लहान करणाऱ्या साईटबद्दल एक सांगतो. तिथे आपण काय चढवतो? लोकांचं आधार. कोण चालवतं ती साईट, कुठे ठेवतं ती फाईल, काही माहीत नाही. त्यापेक्षा स्कॅन करतानाच स्कॅनरमध्ये डीपीआय कमी ठेवा, काळं-पांढरं करा, फाईल आपोआप लहान होते. कृतिदेवचंही तसंच. नवं टायपिंग युनिकोडमध्ये करा, मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच असतो, बाहेरून काही आणावं लागत नाही. जुन्या फाईलींसाठी फॉन्ट एकदाच ओळखीच्या माणसाकडून घ्या आणि सगळ्या कार्यालयांना तोच द्या. दर जुलैत प्रत्येकाने नव्याने शोधायची गरज नाही.

आता खरे व्हायरस. ते काही सायरन वाजवत येत नाहीत. मेळघाटातल्या माणसाला डासाची गोष्ट सांगावी लागत नाही. आपला डास म्हणजे पेनड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानात जातो, तिथल्या कम्प्युटरला लागतो, दिवसातून पन्नास पेनड्राइव्ह त्या एकाच भोकात शिरतात, आणि आपण तोच घेऊन कार्यालयात येतो. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले, खरे फोल्डर गायब झाले, हे इथे किती जणांनी बघितलंय? बघा, अर्धे हात वर. घाबरून फॉरमॅट करू नका. बहुतेक वेळा फाईली असतातच, फक्त लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक न करता आधी तपासणी करून घ्यायची, मग लपवलेल्या फाईली उघड करायच्या. प्रिंट काढायला दुकानात जायचंच असेल तर एक रिकामा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यात लागेल तेवढीच एक फाईल, आणि आल्यावर तो पुसून टाका.

अँटीव्हायरस कोणता घ्यायचा, हे सगळे विचारतात. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीपासून असतो, फुकट. तो चालू आहे ना, अपडेट होतो ना, एवढं बघा. त्याची 'ऑफलाइन स्कॅन' असते, ती कम्प्युटर पुन्हा सुरू करून आत लपलेलं शोधते, महिन्यातून एकदा करा. विकत घ्यायचा तर आपल्या मराठी माणसांचाही आहे. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात व्हायरस काढायचे प्रोग्राम लिहिले, त्यातून क्विक हील उभं राहिलं. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ पासूनचं, तिथे तपासणीची साधनं मोफत मिळतात. मात्र एका कम्प्युटरमध्ये दोन अँटीव्हायरस नकोत. दोन वैद्यांची औषधं एकदम घेतल्यासारखं होतं.

विंडोज १० ची नेहमीची मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली आहे, म्हणजे नवी भोकं सापडली तर ती आता आपोआप बुजणार नाहीत. आपले निम्मे कम्प्युटर दानात आलेले, जुने. ज्यांच्यावर ११ चढत नाही त्यांचं काय करायचं? माझं मत असं की ते नेटवरून काढा, नुसत्या टायपिंगला ठेवा, आणि लोकांची कागदपत्रं त्यांत ठेवू नका. आणि दुकानदाराने 'क्रॅक' मारून दिलेलं विंडोज घेऊ नका. कुलूप फोडून आत शिरलेल्या माणसालाच आपण राखण सांगतो ते. देणगीदारांना हिशेब देणाऱ्या संस्थेच्या कम्प्युटरमध्ये चोरीचं सॉफ्टवेअर असावं, याचं मला स्वतःला वाईट वाटतं. आमच्याकडेही होतं.

तुम्हाला वाटेल, आपल्यासारख्या लहान संस्थेकडे कोण बघतंय? मोठ्यांकडे बघतात हे खरं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये अशाच घुसखोरीने ९४ कोटी रुपये गेले. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या कम्प्युटरांना खंडणीच्या व्हायरसने कुलूप लावलं आणि राज्यभरातलं काम अडलं. पण झारखंडमध्ये आदिवासींसोबत काम करणारे फादर स्टॅन स्वामी यांची गोष्ट आठवा. ५ जुलै २०२१ ला ते न्यायालयीन कोठडीत असताना मुंबईच्या रुग्णालयात गेले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये, बचाव पक्षाच्या वकिलांनी ज्यांना काम दिलं होतं त्या अमेरिकेतल्या तपासनिसांनी अहवाल दिला की त्यांच्या कम्प्युटरमध्ये बाहेरून शिरून फाईली ठेवल्या गेल्या होत्या. प्रकरण न्यायालयाचं आहे, त्यावर मी इथे निवाडा करणार नाही. एवढंच सांगतो की आपल्या कम्प्युटरमध्ये काय आहे आणि ते कोणी ठेवलं, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे. ज्याच्या टेबलावर तो आहे त्याला तरी.

बॅकअपचं आम्ही आता असं केलंय. दोन बाहेरच्या हार्डडिस्क. एक परतवाड्याला, एक अकोल्याला, कपाटात, कम्प्युटरला न जोडलेली. जोडून ठेवली तर खंडणीचा व्हायरस तिलाही कुलूप लावतो. महिन्याच्या बैठकीला जो कोणी येईल तो अदलाबदल करतो. एकशे चाळीस कुटुंबांचे कागद आता पासवर्ड लावलेल्या फोल्डरमध्ये आहेत, आणि ज्यांचं काम झालं त्यांचे आम्ही पुसून टाकतो. पूर्वी आम्ही 'असू द्या, लागतील' म्हणून सगळं साठवायचो. जे नाहीच ते चोरीला जात नाही.

मोबाईलचा विषय वेगळा आहे, त्याला दुपारचा तास आहे. तोपर्यंत एवढंच की व्हॉट्सअॅपवर पीएम किसान, आरटीओचं चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून एखादी फाईल आली आणि तिच्या शेवटी एपीके लिहिलेलं असेल तर उघडू नका, मग ती सख्ख्या भावाकडून का आलेली असेना. भावाचा मोबाईल आधीच गेलेला असतो.

आणि अधीक्षकांसाठी एक. आमच्या कार्यालयात भिंतीवर एक वही टांगली आहे. कम्प्युटरवर काहीही विचित्र दिसलं की तारीख टाकून त्यात लिहायचं. लिहिणाऱ्याला कोणी प्रश्न विचारणार नाही, असा नियम आहे. पहिले दोन महिने वही कोरी होती. मग मी स्वतः एक नोंद केली, कुरिअर अडकलंय म्हणणाऱ्या एका लिंकवर मी क्लिक केलं होतं, तीही मोठ्या घाईत. त्या आठवड्यात वहीत चार नोंदी आल्या. ते तीन हजार आम्ही तिला संस्थेतर्फे परत दिले. ती घेत नव्हती, पण दिले.

आता चहा आहे. चहानंतर पुढचा तास ती घेणार आहे, आणि ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवते. तिने एका जुन्या, नेट नसलेल्या लॅपटॉपवर तशीच लाल खिडकी तयार करून ठेवली आहे, सायरनसकट. प्रत्येकाने एकेकदा ती बंद करून दाखवायची. आणि जे पेनड्राइव्ह घेऊन आलेत त्यांनी ते तूर्त खिशातच ठेवा, ती एकेक करून तपासून देईल.